चढ शेवटी येतो : हिवाळ्यात माथेरानला राहून धावताना

गडावर जाणाऱ्या माणसाचा हिशेब सोपा असतो. ताज्या पायांनी चढायचं, वर बसून डबा खायचा आणि उतरणीला लागायचं. दमलो किंवा पाणी संपलं, तरी गाव खालीच असतं. मुक्कामच डोंगरावर असला की हा हिशेब उलटा होतो. ताजे पाय उतारावर खर्च होतात आणि खोलीवर परतायला सहाशे-सातशे मीटरचा चढ शिल्लक राहतो, तोही ऊन डोक्यावर आल्यावर. माथेरानला दोन-तीन दिवस राहून धावायचं असेल तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा. बूट, घड्याळ, बाटली यांचा विचार त्यानंतर.

माथेरानच का?

समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरवरचं हे पठार जंगलाने झाकलेलं आहे आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारीला बंदी आहे. 1850मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले. त्यानंतर इंग्रज आणि मुंबईच्या धनिकांनी बंगले बांधले, कड्याकड्यांवरचे ‘पॉइंट’ ठरवले आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा आखल्या. त्या घोड्यांसाठी आणि सकाळ-संध्याकाळ पाय मोकळे करणाऱ्यांसाठी होत्या, म्हणून त्यांचा चढ मंद आहे, वळणं लांब आहेत आणि बऱ्याच ठिकाणी डोक्यावर सावली आहे. धावणाऱ्याला याहून वेगळं काय हवं? 2003मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आता काही ई-रिक्षा धावतात आणि मुख्य रस्त्यावर काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसले आहेत, पण बाजूच्या वाटा अजून लाल मातीच्याच आहेत.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा धावण्याचा खरा हंगाम. ऑक्टोबरमध्ये सावलीतल्या दगडांवर शेवाळ टिकून असतं. फेब्रुवारी सरताना ऊन तापतं, गवत कोळपतं आणि उतारांवर वणव्यांची भीती सुरू होते. दिवाळीच्या सुट्ट्या आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत पॉइंटच्या वाटांवर धावायला जागाच उरत नाही.

पोचणं आणि राहणं

नेरळ स्टेशनवरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून शटल गाडीही मिळते. 1907मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि नंतर पुन्हा सुरू होते. तिचा सुमारे 21 किलोमीटरचा वळणावळणांचा मार्ग बघण्यासारखा आहे, मात्र घाई असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. रुळांवरून धावण्याचा मोह टाळा. खडीवर घोटा मुरगळतो आणि वळणापलीकडची गाडी दिसत नाही.

मुक्काम बाजारपेठेच्या जवळ घ्या. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि रात्री आडबाजूच्या बंगल्यावर परतणं जिवावर येतं. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा. सकाळी गरम पाणी किती वाजता येतं, पहाटे सहाला फाटक उघडं असतं का, आणि ओले-लाल कपडे वाळत घालायला जागा आहे का. इथे येणारा गॅसचा सिलिंडर, भाजी, दुधाची पिशवी, सगळं घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर येतं. म्हणून वस्तू महाग असतात, त्यावर घासाघीस करू नका. तुम्ही आणलेलं प्लास्टिकही कुणाला तरी असंच खाली न्यावं लागतं, तेव्हा ते आपल्याच पाठीवरून परत न्या. पाण्याचंही तसंच आहे. शार्लोट तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात पाय धुवायला उतरायचं नाही.

थंडी कुठे असते?

वर जावं तसं गार होतं, असं आपण धरून चालतो. दुपारी ते खरं असतं. माथ्यावर खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी सुखद वाटतं. पण निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री गार हवा जड होऊन उतारांवरून घसरत दरीत साचते. म्हणून कर्जत-बदलापूरच्या पट्ट्यात पहाटेचा पारा कधी कधी माथेरानपेक्षाही खाली असतो. पॅनोरमा पॉइंटवरून सकाळी नेरळच्या अंगाला धुक्याचा सपाट थर दिसतो, तो याच साचलेल्या हवेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहाटे खाली उतरताना अंगातलं विंडचीटर काढून वर ठेवून जाऊ नका, खाली जास्त हुडहुडी भरू शकते. माथ्यावर गारठा झोंबतो तो कड्याच्या टोकाला, वाऱ्यामुळे. घामेजलेल्या बनियनवर तिथे फोटोसाठी दहा मिनिटं उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी पाठ धरते. कपडे पातळ थरांचे घाला, सुती टाळा आणि एक कोरडा टी-शर्ट पिशवीत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. झाडांखाली उजेड अर्धा तास उशिरा येतो आणि अर्धा तास आधी जातो. त्यामुळे पहाटेसाठी मोबाइलचा उजेड पुरत नाही, हेडलॅम्पच हवा.

तीन प्रकारच्या धावा

पहिली, माथ्यावरची. बाजारपेठेतून अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट, वन ट्री हिल करत शार्लोट तलाव, मग इको आणि लुईझा पॉइंट, तिथून परत. किती फाटे घेता त्यावर आठ-दहा किलोमीटर भरतात. चढ-उतार किरकोळ आहेत. पहिल्या दिवशी हीच करा आणि रमतगमत करा. वाटा एकमेकींना फुटत राहतात, म्हणून आज उजेडात पाहिलेला फाटा उद्या अंधारात ओळखता येतो.

दुसरी, उत्तरेकडची. बाजारपेठेतून दस्तुरीच्या दिशेने पॅनोरमा पॉइंटला जाऊन परत. ही सूर्योदयाची धाव. पॉइंट आला की चाला. कठडा नसलेल्या ठिकाणी जांभ्याचा दगड सच्छिद्र आणि कडेला ठिसूळ असतो, आणि त्यावर पसरलेली लाल बारीक खडी बुटाखाली फिरते. कड्यापासून दहा पावलांच्या आत धावायचं नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या.

तिसरी, खाली उतरून परत चढायची. इथेच हिशेब उलटतो. सनसेट पॉइंटकडून धोदाणी गावात उतरणारी वाट पश्चिमेला आहे, समोर प्रबळगड. सकाळी हे अंग डोंगराच्या सावलीत असतं. पूर्वेचं गार्बेट पठार सूर्य उगवताच तापायला लागतं. म्हणून सकाळी उतरून-चढून यायचं तर पश्चिमेची वाट घ्या. वन ट्री हिलजवळची ‘शिवाजीची शिडी’ म्हणजे घळीतली खडी वाट. ती हात टेकत चालायची आहे, तिथे घड्याळ लावून धावू नका.

या तिसऱ्या धावेचे नियम असे. उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरा. पाण्याचे तीन भाग करा, एक उतरताना आणि दोन चढताना. दोन लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नका, कारण हिवाळ्यात ओढे आटत जातात. पायथ्यापर्यंत जाण्याचा हट्ट नको. ठरलेल्या वेळी जिथे असाल तिथून मागे फिरा. आणि नऊच्या आत चढाला लागा. ‘अजून जरा खाली’ म्हणणाऱ्याला अकराच्या उन्हात ते ‘जरा’ चढून यावं लागतं.

पायाखाली काय आहे

पर्यटकांच्या वाटांवर घोड्यांच्या टापांनी माती दळून पिठासारखी झालेली असते. वरून मऊ दिसते आणि आत मुळी किंवा दगड लपलेला असतो. पाऊल किंचित उचलून टाका. पडल्यास खरचटलेल्या जागी धुळीबरोबर लीदही जाते, म्हणून जखम लगेच साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती हे आठवत नसेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

उतारावरच्या वाटांची तऱ्हा वेगळी. सुकलेलं गवत बुटाला पकडू देत नाही, त्याखाली घसारा असला तर मग बघायलाच नको. पावलं आखूड ठेवा, गुडघे सैल, नजर तीन-चार मीटर पुढे. मागे झुकलात की घसरलात. कारवीच्या वाळक्या काड्यांना आधारासाठी धरू नका, त्या हातात येतात. आणि कुसळं! गार्बेटच्या पठारावरून आलात की मोज्यांच्या घडीत शेकडो टोकं रुतलेली सापडतात, प्रत्येकाचं टोक आत आणि शेपूट बाहेर. ओढून काढलं तर टोक तुटून विणीत राहतं. मोजा उलटा करून टोक धरून आतल्या बाजूने ओढावं लागतं. लोकरी किंवा सैल विणीच्या मोज्यांऐवजी गुळगुळीत नायलॉनचे, पोटरीपर्यंतचे मोजे घाला.

पठारावर आणखी एक फसगत होते. ढोरवाटा मळलेल्या दिसतात आणि झुडपात जाऊन विरतात. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, दरीत रेंजचा भरवसा नाही. वाडीतली माणसं दूध, भाजी घेऊन रोज या वाटांनी वर येतात. दादा किंवा मावशी भेटल्या की थांबून विचारा. ‘किती लांब’ असं न विचारता ‘पुढे पाणी आहे का, वाट शाबूत आहे का’ असं विचारा.

वाटेवरचे सोबती

घोड्याच्या मागून धावत जाऊ नका. तो बिचकला तर लाथ झाडतो आणि पाठीवर बहुधा शहरातलं पोर असतं. लांबूनच ‘मामा, बाजूने जातोय’ म्हणून आवाज द्या, चालत पुढे जा आणि मग धावा. अरुंद वाटेवर समोरून घोडा आला तर दरीच्या बाजूला उभं राहू नका.

माकडं हातातली पिशवी बघतात. खाऊ पाठपिशवीच्या आत, हात रिकामे. सकाळी वर्दळ नसताना उंच फांद्यांवरून शेकरू जाताना दिसतं, त्यासाठी मात्र कानातली गाणी बंद हवीत. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर आणि आरडाओरडा नको.

एकटे निघालात तर कुठली वाट आणि किती वाजता परत, हे खोलीच्या मालकाला सांगून जा. आणीबाणीत 112 लावा, पण वाटांवर गाडी येत नाही, उचलूनच आणावं लागतं, हे लक्षात ठेवून धोका पत्करा. शिट्टी, क्रेप बँडेज आणि थोडे रोख पैसे यांचं वजन काहीच नसतं.

खाणं

निघताना केळं किंवा दोन खजूर. वाटेत शेंगदाण्याची चिक्की, ती इथल्या बाजारातच ताजी मिळते. बाटलीत लिंबू-मीठ-साखर. थंडीत तहान कळत नाही म्हणून घड्याळ बघून प्या, दर वीस मिनिटांनी दोन घोट. परतल्यावर पोहे-चहावर भागवू नका, तासाभरात पोटभर जेवा.

दोन दिवसांचा बेत

शनिवारी सकाळी पोचा. दुपारी माथ्यावरची फेरी, संध्याकाळी सनसेट पॉइंटपर्यंत चालत. तिथून धोदाणीची वाट कुठे उतरते ते नुसतं पाहून ठेवा. तिसरी धाव तीन दिवस हातात असतील तेव्हाच, आणि ती मधल्या दिवशी. डिसेंबरमध्ये होणाऱ्या सिंहगड-राजगड-तोरणा एसआरटी अल्ट्रासारख्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांना लांब उतारांचा हा सराव फार कामाचा आहे. त्यांनीही सलग दोन दिवस तो करू नये. उतार मांडीच्या पुढच्या स्नायूंना आतून ओरबाडतो आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं.

दोनच दिवस असतील तर रविवारी पहाटे पॅनोरमा पॉइंट करा, नाश्ता करा, बिल चुकतं करा आणि पिशवी पाठीला लावून गार्बेट पठारावरून सागाचीवाडीमार्गे भिवपुरी रोड स्टेशनला उतरा. भरल्या पिशवीने पठारावर हलकं धावा, उतारावर चाला. ही एकच वाट अशी आहे जिच्या शेवटी चढ नाही, कर्जत-मुंबई लोकल आहे. मंगळवारपर्यंत ऑफिसचा जिना कठडा धरून उतरावा लागला तर घाबरू नका, पण तोवर पुन्हा धावायलाही जाऊ नका.