पृथ्वीचे परिवलन आणि कोनीय विस्थापन

म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर हे गाव एका उंच डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. कानडीत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. माथ्यावर मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे. या गावी सपाट जमिनीत काठी सरळ रोवली, तर तिची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा घड्याळात, वर्षाच्या सरासरीने, १२ वाजून २६ मिनिटे झालेली असतात. घड्याळ चुकते काय? नाही. उत्तर पृथ्वीच्या परिवलनात आहे.

फिरणाऱ्या वस्तूवरील बिंदूला अक्षाशी जोडणारी त्रिज्या ठराविक काळात जेवढ्या कोनातून वळते, त्या कोनास कोनीय विस्थापन म्हणतात. सूर्याच्या अपेक्षेने पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशास ४ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. बेट्टदपुर सुमारे ७६ अंशांवर आहे. अंतर ६.५ अंशांचे. म्हणून

६.५ × ४ = २६ मिनिटे.

एवढ्या वेळात गाव किती सरकते? अक्षापासून त्याचे अंतर सुमारे ६,२३० किलोमीटर आहे. कमानीची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन; परंतु येथे कोन रेडियनमध्ये घ्यावा लागतो. १८० अंश म्हणजे π रेडियन, म्हणून ६.५ अंश म्हणजे ०.११३४ रेडियन.

६,२३० × ०.११३४ = सुमारे ७०६ किलोमीटर.

विद्यार्थ्याने अंशच गुणले, तर उत्तर ४०,४९५ येईल. पण गावाची पूर्ण प्रदक्षिणाच सुमारे ३९,१४० किलोमीटरांची! अर्ध्या तासाच्या आत पृथ्वी पूर्ण फेरी घेत नाही. तेव्हा चूक आपोआप उघडी पडते.

पुणे अधिक उत्तरेस असल्याने अक्षापासून सुमारे ६,०५० किलोमीटरांवर आहे. तेवढ्याच वेळात ते सुमारे ६८६ किलोमीटरच सरकते. ध्रुवबिंदू तर जागचा हलत नाही. कोनीय विस्थापन मात्र सर्वत्र सारखेच असते.

भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई महापालिकेने त्यानंतरही अनेक वर्षे जुनी ‘मुंबई वेळ’ राखली होती. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.८ अंश आहेत. ती वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे का होती, हे वाचकांनी स्वतः गणित करून पाहावे.