सी भाषेत चलाची पहिली किंमत

पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यांचा हिशेब सी भाषेत मांडायचा आहे असे समजा. फंक्शनमध्ये नुसते घोषित केलेले चल रिकामे नसते. त्यात स्मृतीतला जुना कचरा असतो. (स्टॅटिक चलात मात्र आपोआप शून्य येते.) म्हणून पेट्यांची बेरीज शून्यापासूनच सुरू करावी. पण दराचे काय? इफ-एल्समध्ये प्रतवारीप्रमाणे दर देताना एखादी प्रत लिहायची राहून गेली, तर जीसीसीसारखा कंपायलर, इशारे चालू असल्यास, बहुधा बजावतो की, या चलाला किंमत मिळालेली नसेल. टापटीप दिसावी म्हणून पुष्कळजण दरालाही आधीच शून्य देऊन टाकतात. मग कंपायलर गप्प, आणि बागाईतदाराच्या हिशेबपट्टीवर संत्री फुकट! तेव्हा दराला घोषणेत किंमत देऊ नये. प्रत्येक प्रतीच्या शाखेतच द्यावी.