दुरुस्तीच्या खिडकीवर ग्राहकाची दक्षता

विद्युत उपकरणांच्या दालनात खरेदीच्या वेळी होणारे स्वागत आणि तीच वस्तू बिघडल्यावर दुरुस्तीच्या खिडकीवर करावी लागणारी प्रतीक्षा, यांत पुष्कळ अंतर असते. गर्दीत वस्तू घाईने सोपविली जाते आणि पुढील वादाचे मूळ बहुधा त्या घाईतच असते.

वस्तू देताना मिळणारी जॉबशीट ही केवळ पोच नसून पुरावा असते. तीत अनुक्रमांक, दोषाचे नेमके स्वरूप, आधीचे ओरखडे, सोबत दिलेले सुटे भाग, अंदाजित खर्च व परतीची तारीख नोंदवून घ्यावी. ‘चालत नाही’ एवढेच लिहिल्यास मूळ दोष कोणता व नंतर उद्भवलेला कोणता, हे ठरविणे कठीण होते.

मोबाइल देताना सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्यावे, माहितीची प्रत ठेवावी आणि बँकेचे व यूपीआयचे अ‍ॅप काढून टाकावे. यूपीआय पिन वा ओटीपी कोणासही सांगू नये.

मोबदला देऊन घेतलेल्या दुरुस्तीतील उणीव ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीस पात्र ठरते. प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येत असल्याने, बंगळूरला वस्तू घेऊन भोपाळला बदलून गेलेल्या ग्राहकास परत धाव घ्यावी लागत नाही.

खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याशी सौजन्याने बोलावे. मात्र कागद पूर्ण भरल्याखेरीज खिडकी सोडू नये.