लाटण्याचा नंबर शोधणारी नोकरी

तुमच्या स्वयंपाकघरातल्या लाटण्याला एक आंतरराष्ट्रीय नंबर आहे: ए२१सी ३/०२. पिठाचा गोळा लाटून पातळ करणारी यंत्रं आणि साधी लाटणी यांचं पेटंट कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत दाखल होवो, त्यावर हा शिक्का पडतो. असे नंबर धुंडाळायचे पैसे मिळतात, हे सांगितलं की पालक क्षणभर गप्प होतात. मग हळूच विचारतात, "म्हणजे नक्की काय करतात हो?"

समजा, एका उद्योजकाने पोळ्या करायचं यंत्र बनवलं. पेटंट घेण्याआधी त्याला जाणून घ्यायचंय, की हे आधी कुणी केलंय का. नवखा मुलगा डेटाबेसमध्ये 'चपाती', 'रोटी' टाकतो आणि भारतातली चार यंत्रं काढून खूश होतो. मेक्सिकोतल्या टॉर्टियाच्या यंत्राला तो मुकलेला असतो, कारण ते बनवणाऱ्याने चपाती हा शब्द कधी ऐकलेलाच नसतो. शिवाय पेटंट लिहिणारे वस्तूला सरळ नावाने हाक मारत नाहीत. लाटणं म्हणजे 'दंडगोल', तवा म्हणजे 'तापलेला पृष्ठभाग'. म्हणून शब्द आणि वर्गाचा नंबर दोन्ही लावून शोधावं लागतं. सापडलेल्या तीनशेतून तीस निवडायची, आणि त्या तिसांचे क्लेम, म्हणजे कायदेशीर दावे, ओळ न् ओळ वाचायचे. चित्र हुबेहूब सारखं असतं आणि दावा भलताच असतो, असं नेहमी होतं.

अहवालात 'असं पेटंट नाही' हे वाक्य कधीही लिहायचं नाही. 'आम्हाला सापडलं नाही' एवढंच लिहायचं. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे गेल्या दीड वर्षातले बहुतेक अर्ज कुणालाच दिसत नसतात.

या कामाची ताकद हळदीच्या प्रकरणात दिसली. हळदीने जखम भरते, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, पण आजीचं सांगणं पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. छापील आणि तारीख असलेला कागद लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, असे ३२ संदर्भ गोळा केले. त्यात जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अमेरिकी परीक्षक जिथे शोधतात तिथे ही माहिती नव्हतीच, हे त्यातून कळलं. म्हणून २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत आणून परीक्षकांसाठी पारंपरिक ज्ञानाचा डेटाबेस उभा राहिला.

शोधणाऱ्याचं कौतुक होतं. डेटाबेस नीट ठेवणाऱ्याचं सहसा होत नाही. खरी मेहनत मात्र तिथे आहे. एकच शोध भारत, अमेरिका, जपानमध्ये दाखल झाला तर कागद तीन, पण 'फॅमिली' एक. ती जुळवली नाही तर गिऱ्हाईक एकाच गोष्टीचे तिप्पट पैसे मोजतो. नूतनीकरणाची फी भरली नाही की पेटंट २० वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच संपतं. ही नोंद करायची राहून गेली, तर एखादा कारखानदार मोकळ्या झालेल्या शोधाला उगाच घाबरून बसतो. आणि नावं! सीएसआयआर कुठे पूर्ण नावाने, कुठे आद्याक्षरांनी, तर कुठे 'कौन्सिल सायंट इंड रेस' अशा तुटक्या रूपात असते. आपली मराठी नावं तर तीन भागांची. यंत्र कधी वडिलांच्या नावालाच आडनाव समजतं; ते एका नजरेत ओळखणारा मराठी मुलगा इथे उपयोगी पडतो.

शिक्षण काय लागतं? विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी. औषध आणि रसायन क्षेत्रांत एम.एस्सी., पीएच.डी. असेल तर उत्तम. पेटंट एजंटच्या परीक्षेला पदवी आणि वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, पन्नासची तोंडी. प्रत्येक पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून तिच्यावर सगळा जीव टाकू नका. सरकारी पेटंट परीक्षक हे राजपत्रित पद आहे, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. २०२३ मध्ये त्याच्या ५५३ जागा निघाल्या होत्या. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. नागपुरात बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. विदर्भातल्या पालकांनी तिची चौकशी आधी करावी. खासगी कामं पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामकडे जास्त.

एक इशारा. 'पेटंट अ‍ॅनालिस्ट बना' म्हणत भलीमोठी फी घेणारे कोर्स आहेत. त्यांना पैसे देण्याआधी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा मोफत प्राथमिक कोर्स मुलाला करू द्या. प्रमाणपत्रापेक्षा त्याने स्वतः केलेला एक सर्च रिपोर्ट मुलाखतीत जास्त बोलतो, हे माझं ठाम मत.

"एआय आल्यावर हे काम राहील का?" हा प्रश्न येतोच. भाषांतर आणि पहिली चाळणी यंत्र आत्ताच करतंय. नुसती चाळणी करणाऱ्यांनी काळजी करावी, हे खरं आहे. दावा वाचून 'हा आपल्या आड येतो की नाही' याची जबाबदारी घेऊन सही करायला मात्र अजून माणूसच लागतो.

आता मुलाच्या गुणपत्रिकेऐवजी त्याचा स्वभाव बघा. सतत माणसांत रमणाऱ्याला ही खुर्ची टोचेल. एस्पेसनेट नावाचा युरोपीय पेटंट कार्यालयाचा डेटाबेस फुकट आहे, त्यात १५ कोटींहून जास्त कागदपत्रं आहेत. येत्या रविवारी चकलीचा सोऱ्या मुलाच्या हातात द्या आणि जगात असा दांडा-जाळीचा सोऱ्या पहिल्यांदा कुणी नोंदवला ते शोधायला सांगा. अर्ध्या तासात 'मिळत नाहीये' म्हणून उठला, तर दुसरं क्षेत्र बघा. दुपारचं जेवण निवलं तरी उठला नाही, तर त्याला अर्ज करू द्या.