हवेच्या दाबानें चालणारी झडप

पालघर स्टेशनाहून उत्तरेस निघालें म्हणजे उमरोळीनंतर बोईसर लागतें. बोईसरच्या पश्चिमेस तारापूर औद्योगिक वसाहत पसरली असून तिच्याही पलीकडे समुद्रकांठीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र आहे. औषधें, रंग, रसायनें, कापड, पोलाद यांचे जे कारखाने या वसाहतींत आहेत, त्यांत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील, काका किंवा वडील बंधु पाळीवर जात असतील. त्यांच्या तोंडीं 'कंट्रोल व्हॉल्व्ह' हा शब्द विद्यार्थ्यांनीं ऐकिला असेल. हा व्हॉल्व्ह, म्हणजे नियंत्रक झडप, हवेच्या दाबावर कशी चालते, हवा गेली तर ती काय करते, आणि तिची निगा कशी राखावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झडपेचें काम

घरीं नळाखालीं बादली ठेवून आपण चावी फिरवितों, तेव्हां तीन कामें एकदम होत असतात. डोळा बादलींतील पाणी पाहतो, मन किती पाणी हवें तें ठरवितें, आणि हात चावी कमीअधिक करतो. कारखान्यांत हींच तीन कामें तीन निरनिराळ्या उपकरणांकडे सोंपविलेलीं असतात. उष्णता, दाब किंवा प्रवाह मोजणारें उपकरण हा डोळा. मोजलेला आंकडा व हवा असलेला आंकडा यांची तुलना करणारा नियंत्रक हें मन. आणि नियंत्रक झडप हा हात होय. हा हात रात्रंदिवस हालत असतो. भट्टी थोडी तापली कीं वाफ कमी करावयाची, थोडी निवाली कीं वाढवावयाची, असा त्याचा अखंड व्यवसाय चालतो.

झडपेची रचना

झडपेचे मुख्य भाग दोन. खालचा भाग नळांत बसविलेला असतो. त्यांत द्रव जाण्यास एक वाट असते. त्या वाटेच्या कडेस सीट म्हणतात, व तीवर येऊन बसणाऱ्या धातूच्या बोंड्यास प्लग म्हणतात. प्लगला जोडलेला दांडा वर येतो. दांड्याच्या बाजूनें आंतील द्रव बाहेर झिरपूं नये म्हणून त्याच्याभोंवतीं मऊ पदार्थाचीं वेटोळीं दाबून बसविलेलीं असतात. त्या जागेला ग्लँड हें नांव आहे.

वरचा भाग दोन उथळ थाळ्या तोंडाला तोंड लावून जोडाव्या तसा दिसतो. या दोन थाळ्यांच्या मध्यें रबराचा मजबूत पडदा घट्ट आवळलेला असतो. यालाच डायफ्रॅम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूस हवा येते, व दुसऱ्या बाजूस पोलादी स्प्रिंग उभी असते. हवेचा दाब वाढला कीं पडदा स्प्रिंगला दाबतो आणि दांडा एका दिशेस सरकतो. दाब कमी झाला कीं स्प्रिंग त्याला परत लोटते.

इतक्या साध्या पडद्यानें जड झडप कशी हालते, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. एकंदर जोर म्हणजे दाब गुणिलें क्षेत्रफळ. पडद्याचें क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरा, व दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब एक किलोग्रॅम धरा. एकूण जोर ६०० किलोग्रॅम वजनाइतका झाला! सायकलच्या चाकांत याहून अधिक दाबाची हवा असते. परंतु येथें ती मोठ्या क्षेत्रफळावर पसरल्यामुळें तिला हें सामर्थ्य येतें.

झडपेला द्यावयाची आज्ञाही हवेच्या दाबानेंच देतात. तिची ठरलेली मर्यादा चौरस इंचास ३ ते १५ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ ते १ किलोग्रॅम, अशी आहे. ३ पौंडांवर झडप चालूं लागते, ९ वर ती अर्ध्या वाटेवर येते, आणि १५ वर तिची पूर्ण चाल होते. आरंभ शून्यापासून न करितां ३ पासून कां केला असावा? कारण शून्य म्हणजे कांहींच नाहीं. नळी तुटली तरी दाब शून्यच होतो. आज्ञा 'अगदीं थोडें' अशी आहे, कीं आज्ञा पोंचलीच नाहीं, हा भेद कळावा म्हणून शून्याची जागा मोकळी ठेविली आहे. आतां बहुतेक ठिकाणीं आज्ञा विजेच्या तारेनें येते व झडपेजवळ तिचें रूपांतर हवेच्या दाबांत करितात. त्या विजेची मर्यादाही याच कारणास्तव ४ ते २० मिलिअँपिअर अशी ठरविली आहे.

मोठ्या झडपेवर पोझिशनर नांवाची आणखी एक पेटी असते. दांडा सांगितलेल्या जागीं पोंचला कीं नाहीं तें ती पाहते, व पोंचला नसल्यास हवा कमीअधिक करून त्यास तेथें नेते.

सर्व कामें विजेनें होत असतां हवेचा हा खटाटोप कशाला? औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यांत पेट घेणाऱ्या द्रवांची वाफ असते. तेथें विजेची एक ठिणगीही घातक होते, पण हवेला ठिणगी ठाऊक नाहीं. दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे, आणि तोच या लेखाचा मुख्य विषय होय.

हवा गेली तर?

कोणतेंही यंत्र केव्हां तरी बंद पडणारच. काँप्रेसर थांबेल, नळी फुटेल, पडदा फाटेल. अशा वेळीं झडपेंत एकटी स्प्रिंग उरते, आणि ती झडपेस एका निश्चित दिशेला नेते. ही दिशा कोणती असावी, तें झडप बसविण्यापूर्वींच ठरवावें लागतें. रसायन तापविणाऱ्या वाफेची झडप स्प्रिंगनें मिटली पाहिजे, म्हणजे उष्णता थांबेल. त्याच भांड्यास थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप मात्र स्प्रिंगनें उघडली पाहिजे, म्हणजे पाणी वाहत राहील. या दोहोंची अदलाबदल झाली तर हवा जातांच वाफ वाढेल व पाणी थांबेल. असें भांडें फुटण्यास वेळ लागत नाहीं, आणि त्याजवळ कोणाचा तरी बाप उभा असतो.

हें तत्त्व प्रथम मोठ्या प्रमाणावर आगगाडींत उपयोगांत आलें. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८६९ सालीं हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. त्या पहिल्या ब्रेकांत नळींत हवा सोडली म्हणजे चाकें आवळत. परंतु नळी तुटली तर ब्रेकच नाहींसा होई. १८७२ सालीं त्यांनीं सर्व व्यवस्था उलट केली. नळींत हवा भरलेली असेपर्यंत ब्रेक सुटा राहील, आणि हवा गेली कीं तो आपोआप लागेल. डबे तुटून मागें राहिले तरी नळी तुटल्यामुळेंच ते थांबतात. आपल्या मार्गावरील लांब पल्ल्याच्या गाडींत कोणी सांखळी ओढली कीं हवा सुटल्याचा आवाज येतो व गाडी थांबते, तें याच तत्त्वानें.

तारापूर येथें याचें आणखी भव्य उदाहरण आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या असून १९६९ सालीं त्यांची वीज मिळूं लागली. या जातीच्या भट्टींत अणुविच्छेदन थांबविण्यासाठीं न्यूट्रॉन शोषणारे दांडे खालून वर सारावे लागतात. खालून वर जावयाचें असल्यामुळें ते स्वतःच्या वजनानें पडून जागेवर येतील अशी सोय नाहीं. त्यांस दाबाखालीं सांठविलेल्या पाण्याचा रेटा लागतो. हें पाणी ज्या झडपांनीं अडविलेलें असतें, त्या झडपा हवेच्या दाबानें मिटून धरिलेल्या असतात. संकटाची सूचना होतांच ती हवा सोडून देतात. झडपा उघडतात, आणि कांहीं सेकंदांत दांडे वर जाऊन भट्टी शांत होते. हवा आपण होऊन गेली तरी हेंच घडतें. या झडपा कमीअधिक उघडणाऱ्या नसून एकदम उघडणाऱ्या आहेत, इतकाच भेद.

ओली हवा आणि फसवा दिवा

झडपेची निगा राखण्यांत हयगय झाली तर काय होतें, याचा धडा जगास २८ मार्च १९७९ रोजीं मिळाला. अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुविद्युत् केंद्रांत उपकरणांच्या हवेच्या नळ्यांत पाणी शिरलें, त्यामुळें कांहीं झडपा मिटल्या व वाफ तयार करणाऱ्या भांड्यांकडील पाण्याचा पुरवठा तुटला, असें चौकशीअंतीं अनुमान निघालें. पुढें दाब सोडणारी एक झडप उघडली ती मिटेना. ही झडप विजेच्या आज्ञेनें चालणारी होती. नियंत्रणगृहांतील दिवा मात्र ती मिटल्याचें दाखवीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिति सांगत नसून झडपेस दिलेली आज्ञा सांगत होता! दोन तासांहून अधिक वेळ भट्टींतील पाणी त्या वाटेनें जात राहिलें, आणि आंतील इंधनाचा बराच भाग वितळला.

झडपेची निगा

पहिली गोष्ट कोरडी हवा. काँप्रेसरमध्यें सुमारे आठ घनफूट हवा एका घनफुटांत कोंडली जाते. आठांतील बाष्प एकांत आलें म्हणजे थंड होतांच त्याचें पाणी होतें. आपल्या किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यांत, हें पाणी फार सुटतें. म्हणून हवा आधीं थंड करून, मग बाष्प शोषणाऱ्या पदार्थांतून नेऊन वाळवितात. आणि झडपेजवळील गाळणीच्या तळाशीं सांचलेलें पाणी नेमानें काढून टाकितात. या साध्या कामाचा कंटाळा केला कीं बारीक छिद्रें गंजानें बुजतात व झडप हट्टी होते.

दुसरी गोष्ट गळती. साबणाचें पाणी सांध्यांस लाविलें असतां बुडबुडे येतील तेथें हवा गळते आहे असें समजावें. पडदा जुना होऊन भेगाळतो. तो फाटण्याची वाट न पाहतां बदलावा. ग्लँडमधून थेंब दिसला कीं फिटर नट आवळतो, परंतु फार आवळल्यास दांडाच अडकतो. खाऱ्या हवेनें दांडा गंजला तरी हाच परिणाम होतो.

तिसरी गोष्ट परीक्षा. झडपेस क्रमानें ३, ६, ९, १२ व १५ पौंड दाब देऊन दांडा पाव, अर्धा, पाऊण असा बरोबर चालतो कीं नाहीं तें पाहतात. मग त्याच क्रमानें उतरत येतात. चढतांना व उतरतांना ९ पौंडांवर दांडा वेगवेगळ्या जागीं थांबला, तर कोठें तरी घासतें आहे हें निश्चित. शेवटीं हवा अजिबात तोडून स्प्रिंग झडपेस ठरलेल्या दिशेला पूर्ण नेते कीं नाहीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं, दांड्याकडे पाहून, ठरवितात. दिव्याची साक्ष पुरेशी मानीत नाहींत.

चौथी गोष्ट कामगाराचा जीव. हवा तोडली म्हणजे झडप निर्जीव झाली असें नव्हे. दबलेली स्प्रिंग आंत तयार असते. म्हणून दांड्याजवळ हात नेऊं नये. नळ दोन्ही बाजूंनीं बंद करून आंतील द्रव काढून टाकावा. आणि थाळ्या खोलतांना स्प्रिंगला धरून ठेवणारे लांब बोल्ट सर्वांच्या शेवटीं, थोडेथोडे व सारखे सैल करावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहींजण पुढें याच वसाहतींत फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इंजिनिअर होतील. तेव्हां कोणतीही झडप हातीं आली असतां प्रथम एवढेंच विचारावें कीं, हवा गेली तर ही कोणत्या बाजूस जाईल, आणि खरोखर तेथें गेलेली कोणीं शेवटची केव्हां पाहिली आहे. पालकांनींही घरीं जेवतांना आपल्या मुलांस हा प्रश्न घालावा, व मुलांनीं आपल्या वडिलांस तो विचारावा. ज्या कारखान्यांत याचें उत्तर ताबडतोब मिळतें, तेथील रात्रपाळीचे लोक सकाळीं सुखरूप घरीं येतील असा भरंवसा अधिक.