हत्यार कोणते आणि जोडसाहित्य कोणते? सवलतीच्या खरेदीचा हिशेब

सणासुदीच्या किंवा वर्षअखेरीच्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानांवर ‘पॉवर टूल्सवर २० टक्के सूट’ अशा पाट्या झळकू लागतात. सुतार, फॅब्रिकेटर, फरशीवाला, इलेक्ट्रिशियन, तसेच लूमची दुरुस्ती करणारा मेकॅनिक, सर्वांचेच लक्ष अशा पाटीकडे जाते. मात्र बिल हातात पडते तेव्हा ड्रिलवर सूट मिळालेली असते, आणि त्याच्याबरोबर घेतलेले बिट, ब्लेड, चकत्या पूर्ण किमतीला लागलेल्या असतात. ग्राहक म्हणतो, फसवणूक झाली. दुकानदार म्हणतो, पाटी नीट वाचा, सूट ‘टूल्स’वर आहे, ‘अ‍ॅक्सेसरीज’वर नाही.

आम्हा कापडवाल्यांना हा वाद नवा नाही. सूटिंगच्या ताक्यावर सूट असते, म्हणून अस्तर, बकरम आणि बटणावरही ती असेलच असे नाही. शिलाई मशीनचेही तसेच आहे. मशीनचे डोके एका भावाने, तर स्टँड, टेबल व मोटर वेगळ्या भावाने मिळते. म्हणून खरेदीपूर्वीच हत्यार व जोडसाहित्य यांतील फरक समजून घेणे फायद्याचे ठरते.

ओळखण्याचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : वस्तूला स्वतःची मोटर आहे काय? ड्रिल, अँगल ग्राइंडर, मार्बल कटर, जिगसॉ, रंधा मशीन, राउटर, सँडर या हातात धरून चालवायच्या वस्तूंच्या अंगातच मोटर असते. ही पॉवर टूल्स होत.

दुसरा प्रश्न : ती वस्तू एकटी काम करते की दुसऱ्या मशीनला लावावी लागते? ड्रिल बिट, करवतीचे पाते, कापण्याची व घासण्याची चकती, राउटरचे बिट, छिन्नी, ड्रिल स्टँड ही सर्व मशीनला लावल्याशिवाय निरुपयोगी आहेत. हे जोडसाहित्य होय, मग त्याची किंमत कितीही असो. मोठ्या हातोडी ड्रिलचे चांगले बिट कधी कधी लहान ड्रिलइतके महाग असते, तरी ते बिटच राहते.

तिसरा प्रश्न : ती वस्तू झिजल्यावर वा बिघडल्यावर मशीनच्या आतच बदलायची आहे काय? कार्बन ब्रश, आर्मेचर, स्विच, बेअरिंग हे सुटे भाग आहेत. ते हत्यारात मोडत नाहीत आणि पुष्कळ दुकानांत जोडसाहित्याच्या सवलतीतही बसत नाहीत.

जीएसटीच्या पक्क्या बिलावर वस्तूसमोर एचएसएन क्रमांक असतो, त्याचीही येथे मदत होते. हातात धरून चालवायच्या मोटरयुक्त हत्यारांचा क्रमांक ८४६७ ने सुरू होतो. ड्रिल बिट व तत्सम बदलती हत्यारे ८२०७, करवतीची पाती ८२०२, घासण्याच्या चकत्या ६८०४, तर बॅटरी ८५०७ मध्ये येते. अर्थात सूट कशावर द्यायची हे दुकानदाराची अट ठरवते, एचएसएन क्रमांक नव्हे. तथापि वस्तू कोणत्या जातीची आहे यावर बोलणे निघाले तर हा क्रमांक उपयोगी पडतो.

जेथे गोंधळ होतो

काही वस्तू सीमेवरच्या आहेत. वेल्डिंग मशीन विजेवर चालते, परंतु ते मोटरचे हत्यार नव्हे. बाकावर बसवायचा बेंच ग्राइंडर हातात धरून चालवला जात नाही, म्हणून काही ठिकाणी तो ‘मशिनरी’त धरतात. व्हॅक्यूम क्लीनरला मोटर आहे, तरी कित्येक दुकाने त्याला वेगळ्या खात्यात टाकतात. कापड कापण्याचे कटिंग मशीन आमच्या धंद्यात नित्याचे असले, तरी हार्डवेअरच्या सवलतीत ते बसेलच असे नाही. अशा वस्तूंबाबत अंदाज न बांधता आधी विचारून घ्यावे.

सर्वांत अधिक घोटाळा बॅटरीच्या हत्यारांत होतो. ही हत्यारे दोन प्रकारे मिळतात. एक, बॅटरी व चार्जरविना नुसते मशीन; दुसरे, मशीन, बॅटरी व चार्जर एकाच पेटीत, म्हणजे किट. नुसत्या मशीनचा आकडा लहान दिसतो, म्हणून गिऱ्हाईक तिकडे ओढले जाते. येथे हिशेब करावा.

समजा, नुसते मशीन ४,५०० रुपयांचे आहे व हत्यारांवर २० टक्के सूट आहे. मशीन ३,६०० ला पडले. आता दोन बॅटऱ्या प्रत्येकी २,५०० प्रमाणे ५,०००, आणि चार्जर १,५००. ही दोन्ही जोडसाहित्यात धरल्याने सूट नाही. एकूण झाले १०,१०० रुपये. तेच मशीन, दोन बॅटऱ्या व चार्जर यांचे किट समजा १०,५०० रुपयांचे आहे. किट हे ‘हत्यार’ म्हणून विकले जात असल्यास पूर्ण किमतीवर २० टक्के, म्हणजे २,१०० रुपये सुटतात व ८,४०० ला सर्व मिळते. फरक १,७०० रुपयांचा. मात्र त्याच कंपनीच्या, त्याच व्होल्टेजच्या व त्याच जातीच्या बॅटऱ्या घरी असतील तर नुसते मशीनच ३,६०० ला घेणे शहाणपणाचे.

बिटांचा संच आत असलेली ड्रिलची पेटी हाही असाच प्रकार आहे. पेटीतील बिटांवर आपोआप सूट मिळते, सुट्यावर मिळत नाही. परंतु पेटीतली बिटे आपल्या कामाची आहेत का, हे पाहिल्याशिवाय पेटी उचलू नये. लाकडाचे काम करणाऱ्याला काँक्रीटची बिटे स्वस्तात मिळून काय उपयोग?

दोन दुकानांची तुलना

एका दुकानात फक्त हत्यारांवर १५ टक्के सूट आहे, दुसऱ्यात संपूर्ण बिलावर ८ टक्के. कोठे जावे? समजा, दोन्हीकडे मूळ भाव सारखेच आहेत आणि हत्यार ४,००० रुपयांचे आहे. जोडसाहित्य २,५०० चे असेल तर पहिल्या दुकानात ६०० रुपये वाचतात, दुसऱ्यात ५२०. पहिले दुकान बरे. जोडसाहित्य ५,००० चे असेल तर पहिल्यात तेच ६०० आणि दुसऱ्यात ७२०. आता दुसरे बरे. जोडसाहित्य ३,५०० चे असताना दोन्ही सारखे. यावरून नियम असा निघतो की नवीन मशीन घेताना मोठ्या टक्क्याकडे जावे, आणि वर्षभराच्या चकत्या व पाती भरताना संपूर्ण बिलावरील लहान टक्काही भारी पडू शकतो.

‘५,००० च्या खरेदीवर ५०० रुपये सूट’ अशी अट असल्यास, जोडसाहित्य त्या ५,००० मध्ये मोजले जाते का, हे विचारावे. मशीन ४,६०० चे आहे व ४०० च्या चकत्या लागणारच आहेत. त्या मोजल्या गेल्या तर दोन्ही मिळून ४,५०० ला पडतात, नाहीतर पुरते ५,००० द्यावे लागतात. केवळ आकडा भरण्यासाठी न लागणारा माल घेणे म्हणजे नफ्याच्या नावाने तोटा पदरात घेणे होय.

छापील किमतीवरील टक्क्यालाही भुलू नये. हत्यारांचा बाजारभाव बहुधा छापील किमतीपेक्षा बराच खाली असतो. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो वा पुण्याची बोहरी आळी, दोन-तीन दुकानांत रोख भाव विचारल्यावरच सूट खरी की दिखाऊ हे कळते.

स्वस्ताईत सुरक्षितता विसरू नये

सवलतीत मिळाली म्हणून कोणतीही चकती कोणत्याही ग्राइंडरला लावू नये. चकतीवर फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. ती मशीनवर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. मोठी चकती लहान मशीनला बसावी म्हणून गार्ड काढून टाकणे म्हणजे हातापायाशी, डोळ्यांशी खेळणे आहे. हातोडी ड्रिलची बिटे घेताना एसडीएस-प्लस व एसडीएस-मॅक्स यांतील फरक पाहावा. पहिल्याची दांडी १० मि.मी., दुसऱ्याची १८ मि.मी. असते आणि एक दुसऱ्यात बसत नाही. जिगसॉच्या पात्यांचेही टी व यू असे दोन घाट आहेत.

बिल आणि हक्क

खरेदी पक्क्या बिलावरच करावी. मशीन व जोडसाहित्य वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकाच्या सुटीसह लिहून घ्यावे. बिलातच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, म्हणजे जीएसटीही कमी रकमेवर लागतो. हमी बहुधा मशीनची असते, चकती, पाते व कार्बन ब्रश यांसारख्या झिजणाऱ्या वस्तूंची नसते. मशीनचा क्रमांक बिलावर असल्यास पुढे दुरुस्तीच्या वेळी वाद होत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ कारागिरांना ठाऊक नसते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असा समज आहे. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे, जो माणूस केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेतो व वापरतो तो ग्राहकच आहे. फसव्या जाहिरातीविरुद्धही या कायद्यात तरतूद आहे. म्हणून पाटीचा फोटो व बिल जपून ठेवावे.

विकणाऱ्या बंधूंनाही आमचे सांगणे आहे. सूट कशावर आहे आणि कशावर नाही, हे पाटीवर सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहा. बारीक अक्षरांनी एक सौदा साधतो, पण गिऱ्हाईक जाते. आणि घेणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी एवढेच विचारावे : या यादीतील कोणत्या वस्तूला सूट आहे, किती आहे, आणि किट घेतल्यास काय पडेल? उत्तर यादीवरच लिहून घ्यावे. घाम गाळून कमावलेल्या पैशाचा हिशेब दुकानातच करावा, घरी येऊन नव्हे.