ऋणमुक्तीचे सुख
(गृहस्थांसाठी अभ्यासपाठ)



श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा तथागतांचा मोठा उपासक. गृहस्थाला कोणती सुखे मिळू शकतात, हे तथागतांनी त्याला समजावून सांगितले. ती सुखे चार. पहिले, कष्टाने व सन्मार्गाने मिळवलेले धन आपल्यापाशी असल्याचे सुख. दुसरे, त्या धनाचा उपभोग घेण्याचे व त्यातून सत्कर्म करण्याचे सुख. तिसरे, कोणाचे थोडे किंवा फार काहीही देणे नसल्याचे सुख. चौथे, निर्दोष आचरणाचे सुख. अंगुत्तर निकायातील या सुत्ताला 'अनण सुत्त' म्हणतात. अनण म्हणजे ऋण नसलेला.

संसारी माणसाच्या सुखांची मोजदाद करताना भगवंतांनी कर्ज नसणे हे एक स्वतंत्र सुख मानले, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्या दारी तगादा येतो त्याची मान खाली जाते. रस्त्याने जाताना तो गल्ली बदलतो. घरात शब्दाला शब्द लागतो. शिक्षक या नात्याने मी पाहतो की, घरी वसुलीवाला येऊन गेला असेल त्या दिवशी मूल वर्गात असूनही वर्गात नसते. म्हणून कर्जाचा प्रश्न हा केवळ पैशाचा नाही. तो मनाचा, स्वाभिमानाचा आणि मुलाबाळांच्या शिक्षणाचाही आहे.

लपवणे हेच व्याज

अंगुत्तर निकायातच 'इण सुत्त' आहे. इण म्हणजे ऋण. त्यात तथागतांनी कर्जाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. दारिद्र्य आले की माणूस कर्ज काढतो. कर्ज काढले की व्याज कबूल करतो. व्याज थकले की तगादा येतो. मग धनको पाठलाग करतो आणि शेवटी बंधनात टाकतो. यातली प्रत्येक पायरी संसारी माणसाला दुःखाची आहे.

पुढे भगवंत हीच उपमा आचरणाला लावतात. वाईट कर्म करणे हे कर्ज काढण्यासारखे आहे. ते कर्म कोणाला कळू नये म्हणून लपवणे, हे त्या कर्जावरचे व्याज आहे.

ही उपमा उलट बाजूनेही तपासून पाहा. कर्ज काढणे हे काही पाप नव्हे. आजारपण येते, काम सुटते, पाऊस दगा देतो. परंतु आपण जेव्हा ते कर्ज लपवतो तेव्हा ते फुगते. नवरा बायकोपासून हातचिठ्ठी लपवतो. बायको नवऱ्यापासून गटाचा हप्ता लपवते. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेतले जाते, सावकाराकडे नवे-जुने केले जाते, आणि एकूण देणे किती हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस पतसंस्थेच्या पायऱ्या चढत नाही. तो अंधारात जास्त व्याजाने घेतो. लपवण्याची किंमत अशी रोख रुपयांत मोजावी लागते.

म्हणून ऋणमुक्तीची पहिली पायरी उत्पन्न वाढवणे ही नाही. ती आहे कर्ज उजेडात आणणे. एका रात्री जेवणे झाल्यावर नवरा-बायकोने समोरासमोर बसावे. मुलांची एक वही घ्यावी. कोणाचे देणे, मुद्दल किती, व्याज किती, हप्ता किती, तारण काय, जामीन कोण, हे सारे लिहावे. त्या रात्री कोणी कोणाला दोष देऊ नये. दोष देण्याने आकडा एका रुपयानेही कमी होत नाही, पण पुढच्या वेळी खरे सांगण्याचे धाडस मात्र कमी होते.

व्याजाचा हिशेब

आता थोडे गणित करू. महिन्याला शेकडा पाच म्हटले की व्याज लहान वाटते. पण वर्षाला ते शेकडा साठ होते. दहा हजारांवर महिना ५०० रुपये. वीस महिने व्याज भरले म्हणजे १०,००० रुपये दिले, आणि मुद्दल जेथल्या तेथे.

हेच दहा हजार पतसंस्थेतून वर्षाला शेकडा पंधराने, उतरत्या शिलकेवर मिळाले, तर पहिल्या महिन्याचे व्याज होते १२५ रुपये. तेथे तेच ५०० रुपये दर महिन्याला भरले, तर २४ महिन्यांत मुद्दलासह सारे कर्ज फिटते. पाचशे रुपये तेच, कष्ट तेच. एका ठिकाणी वेठ, दुसऱ्या ठिकाणी मुक्ती.

आणखी एक फसवी जागा आहे. बारा हजारांवर 'सरळ' शेकडा बारा व्याज, बारा हप्ते, असे कोणी सांगितले तर व्याज १,४४० रुपये होते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर मोजलेले असते. म्हणजे खरा दर वर्षाला शेकडा एकवीसच्या वर जातो. सही किंवा अंगठा करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : व्याज महिन्याचे की वर्षाचे? आणि ते उतरत्या शिलकेवर आहे की नाही?

चार सम्यक प्रयत्न

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम आपण शिकलो आहोत. त्यात चार प्रयत्न आहेत : न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले अकुशल दूर करणे, न उपजलेले कुशल निर्माण करणे, आणि निर्माण झालेले कुशल टिकवून वाढवणे. ऋणमुक्तीलाही हेच चार प्रयत्न लागू पडतात.

पहिला : नवे कर्ज होऊ न देणे. गळकी बादली भरत नाही. जुने फेडताना नवे काढले तर सारे श्रम वाया जातात. सिगालोवाद सुत्तात धन नष्ट करणारी सहा दारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, कुसंगत आणि आळस. आज यांत मोबाईलवरचा पैशाचा खेळ आणि मोबाईलवरच मिनिटात मिळणारे कर्ज यांची भर पडली आहे. लग्नातला बडेजावही याच दारांशेजारी उभा आहे. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मंडप किती मोठा होता यावर कोणाचाही संसार चालत नाही.

दुसरा : असलेले कर्ज फेडणे. याची रीत पुढे उदाहरणाने पाहू.

तिसरा : बचत निर्माण करणे. कर्ज चालू असतानाही महिन्याला पन्नास-शंभर रुपये बाजूला पडले पाहिजेत. नाहीतर मुलाला ताप आला की पुन्हा सावकाराचे दार. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. आपल्याला चौथा हिस्सा जमणार नाही, पण चौथ्या हिश्श्याची सवय तरी लावता येईल.

चौथा : ऋणमुक्त झाल्यावर ते टिकवणे. शेवटचा हप्ता फिटला की पुढच्या महिन्यापासून तीच रक्कम बचतीत टाकावी. हप्ता भरण्याची सवय हाताला लागलेलीच असते.

एक उदाहरण

समजा, एका घराची तीन देणी आहेत. किराणा दुकानाची उधारी १,२००. सावकाराचे १०,०००, महिना शेकडा पाच. बचत गटाचे ६,०००, महिना शेकडा दोन. काटकसर करून, किरकोळ शिल्लक वगळून, महिना २,००० रुपये फेडीला निघतात.

पहिल्या महिन्यात सावकाराचे व्याज ५०० आणि गटाचे १२० द्यावे. उरलेल्यातून दुकानाची उधारी पूर्ण मिटवावी. उधारीवर व्याज दिसत नाही, परंतु उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव विचारण्याची सोय नसते. ती मिटली की रोखीने, पाहिजे त्या दुकानातून माल घेता येतो. शिवाय वहीतील एक ओळ पहिल्याच महिन्यात खोडली जाते, याचे मनाला मोठे बळ मिळते. उरलेले १८० रुपये सावकाराच्या मुद्दलात भरावे.

दुसऱ्या महिन्यापासून गटाला फक्त व्याजाचे १२० आणि बाकी सारे, म्हणजे १,८८०, सावकाराला द्यावे, कारण सर्वांत जड व्याज त्याचे. असे केले तर आठव्या महिन्यात सावकार पूर्ण फिटतो. मग दोनही हजार गटाकडे वळवावे. अकराव्या महिन्यात वही कोरी होते. तीच रक्कम जर तिघांनाही थोडी थोडी वाटत बसलो असतो, तर जड व्याज अधिक दिवस चालले असते.

प्रत्येक भरणा वहीत लिहावा आणि त्याची पावती घ्यावी. मुद्दलात किती व व्याजात किती, हे पावतीवर आले पाहिजे.

उमेद कशी टिकवावी

पहिल्या दोन महिन्यांत उत्साह असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो ओसरतो. सण येतो, पाहुणे येतात, 'एवढ्याने काय होते' असे मन म्हणू लागते. खरी परीक्षा येथे आहे.

कोलिय कुळातील दीघजाणू याने तथागतांना विचारले होते की, आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसे, आमच्या हिताचे काय ते सांगा. त्याला भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविका. समजीविका म्हणजे तराजू धरणारा जसा पारडे किती झुकले ते पाहतो, तसे आय आणि व्यय पाहून जगणे. या चारांत कल्याणमित्र का आला? कारण एकट्याची उमेद लवकर विझते. म्हणून वही उघडून दाखवता येईल असे एक घर शोधा. महिन्यातून एकदा दोन्ही घरांनी एकत्र बसून आपापली वही वाचावी. उपदेश नको, फक्त वाचन.

दुसरे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर उरलेले मुद्दल दर महिन्याला मोठ्या आकड्यात लिहावे आणि ते मुलांकडून लिहून घ्यावे. घटता आकडा डोळ्यांसमोर असला की वडापावच्या गाडीपुढून पाय आपोआप पुढे जातात.

तिसरे, एखादा महिना चुकला तर सारे संपले असे समजू नये. शील मोडले तर आपण पुन्हा शील ग्रहण करतो, धम्म सोडत नाही. हप्ता चुकला तर धनकोला आधी जाऊन सांगावे आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा उभे राहावे. तोंड चुकवणे म्हणजे पुन्हा लपवणे, आणि लपवणे म्हणजे व्याज.

चौथे, आनंद बंद करू नये. एक देणे फिटले की घरी खीर करावी. आनंद उधारीचा नसावा, एवढेच.

कर्ज कशासाठी?

बाबासाहेबांच्या जीवनातून आपण येथे एक गोष्ट शिकावी. सुभेदार रामजी आपल्या मुलाला हवे ते पुस्तक देण्यासाठी लेकीकडे हात पसरत, तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की तो सोडवून आणीत. बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून बचत केली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. तेथे ते अर्धपोटी राहून अभ्यास करीत. या घराण्याने कर्ज काढले, पण ज्ञानासाठी काढले, आणि त्याआधी स्वतःची बचत व काटकसर उभी केली. कर्ज काढताना आपण स्वतःला विचारावे : हे कर्ज माझ्या मुलाला वर नेईल, की शेजाऱ्याला दिपवील?

कायद्याचे संरक्षण

अज्ञानामुळे आपण कायद्यालाही पारखे होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. वसुलीसाठी कर्जदाराला उपद्रव देणे हाही गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात गेल्या पंधरा वर्षांत गेलेली जमीन परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. लहान गटकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर येऊ नये, आणि कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असे नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातले आहेत. हे कायदे कर्ज बुडवण्यासाठी नाहीत. मान ताठ ठेवून ते फेडता यावे यासाठी आहेत.

सामञ्ञफल सुत्तात तथागतांनी एका माणसाचे उदाहरण दिले आहे. तो कर्ज काढून धंदा करतो, कर्ज फेडतो, आणि फेडल्यावरही कुटुंबाच्या पोषणापुरते त्याच्याजवळ उरते. त्या माणसाला जो आनंद होतो, त्याच्याशी भगवंतांनी मनाच्या मुक्ततेची तुलना केली आहे. तो आनंद आपल्या प्रत्येक घरात यावा.

विहारातील चर्चेसाठी प्रश्न

१. गृहस्थाची चार सुखे कोणती? त्यांतील तिसरे नसेल तर पहिल्या दोघांचे काय होते?
२. 'लपवणे हे व्याज आहे' याचे आपल्या वस्तीतील एक उदाहरण, कोणाचे नाव न घेता, सांगा.
३. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती? आठ हजारांवर महिन्याचे व्याज किती होईल?
४. चार सम्यक प्रयत्नांपैकी कोणता आपल्या घरात आज सुरू करता येईल?

पुढच्या सभेला येताना उत्तरे तोंडी आणावीत. घरची वही मात्र त्याआधी लिहिलेली असावी.